इंग्रजीतले फुटके डबे

६ फेब्रुवारी १९८३, रविवार. अहमदपूर.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये म्हणून कणगीत ज्वारीखाली ठेवणार. इंदूला सांगितलं, ज्वारी वरवरची काढत जा. तिनं का म्हणून विचारलं नाही. बायको का म्हणून विचारत नाही तेव्हा तिला आधीच माहीत असतं. सावध राहिलं पाहिजे.

कारण असं. लातूर वेगळा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून कपाटं, फायली, कारकून ट्रकनं येऊन राहिले. नव्या शिक्षण विभागात इंग्रजीच्या विषयतज्ज्ञाची जागा आहे, असं आमचे हेडमास्तर सिद्रामप्पा सर बोलता बोलता बोलून गेले. बोलून गेले की मुद्दाम बोलले? शेजारी सोनकांबळे सर वह्या तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो मान वर करतो.

ही जागा माझी आहे. इंग्रजीचा मूळ रोग या तालुक्यात फक्त मला सापडलाय. इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी चोरला तर तारखेचा पुरावा.

इंग्रजीत शब्द दोन तऱ्हेचे. एक, ज्यांच्यात माल आहे. बुलक, वेल, रन, ड्राय. डोळे मिटले की वस्तू दिसते, काम दिसतं, गुण दिसतो. दुसरे, ज्यांच्यात काहीच नाही. द, ऑफ, टू, इज, दॅट. डोळे मिटून 'ऑफ' बघायला जा. नुसता अंधार. बरं, मालवाल्या शब्दांत नव्या माणसाला मज्जाव नाही. टँकर आला, बसला. व्हिडिओ आला, बसला. पण या रिकाम्यांच्या कंपूत शेकडो वर्षांत नवा मेंबर घेतलेला नाही! मूठभर टोळकं, आणि पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, निम्मी जागा यांनीच अडवलेली. मला पहिल्यापासून यांचा शक होता.

हैदराबादला इंग्रजी शिक्षकांच्या शिबिरात तज्ज्ञांनी हा फरक सांगितला. दुपारच्या सत्रात त्या रिकाम्या शब्दांचं काम काय ते सांगणार होते, पण मी चारमिनारला इंदूसाठी बांगड्या बघायला गेलो. गरजच नव्हती. मूळ मुद्दा सकाळीच हाती लागला होता.

संकल्प: १. रिकामे शब्द हाकलणे. २. लातूर. ३. चहा सोडणे, पाणी वाचेल.

७ फेब्रुवारी

चहा घेतला. पाणी आधीच उकळलं होतं, वाया कशाला घालवायचं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत दहावी अ ला लागू केली. नाव ठेवलं 'दुष्काळी पद्धत'. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलीय, यापेक्षा योग्य वेळ कोणती?

पोरांना आपल्या गल्लीतला हापसा समजावला. हापशाला पाणी थांबून थांबून येतं, म्हणून बाया रांगेत भांडं ठेवून घरी जातात. काही घागरी ठेवतात. काही नुसता फुटका डबा, नाहीतर दगड ठेवतात, जागा धरायला. मी म्हणालो, पाणी कशात भरतो? घागरीत. मग फुटक्या डब्याचा उपयोग काय? डबे फेकून द्या, रांग निम्मी होते. इंग्रजी तसंच आहे. द, ऑफ, इज हे डबे. पेपरात लिहायचेच नाहीत. तारेत लिहितो का आपण? फादर सीरियस, स्टार्ट. येतो की माणूस पहिल्या एस्टीनं.

वर्ग खूश झाला. मागच्या बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची विनीता दुसऱ्या बाकावर बसते. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. वडिलांचं कौतुक पोरीला जड जातं, समजू शकतो.

१० फेब्रुवारी. सकाळ.

विनीता रोज पहाटे अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे जाते. आज मी पाय मोकळे करायला निघालो तर तिच्या चपला सोनकांबळे सरांच्या उंबऱ्यापाशी. शेजारी आणखी आठ-दहा जोड. त्यातले दोन मी ओळखतो, मागच्या बाकावरच्यांचे. टाळ्या वाजवणारे!

उघड आहे. माझी पद्धत माझ्याच पोरीच्या तोंडून काढून घेताहेत. हे सोनकांबळे सर नांदेडहून एम.ए. झालेत, दहावी ब ला इंग्रजी शिकवतात, कधी आवाज चढवत नाहीत. आवाज न चढवणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं ते देवच जाणे.

इंदूला विचारलं. ती म्हणाली, जाते पोरगी, जाऊ द्या, परीक्षा हाय तिची. म्हणजे इंदूलाही ठाऊक. घरात फितुरी.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज विचार आचारात आणला. त्याचा हा अहवाल.

सकाळी घागर घेऊन स्वतः हापशावर गेलो. रांग मारुतीच्या पारापर्यंत. पण नीट बघितलं तर खऱ्या घागरी थोड्याच, बाकी सगळे डबे, दगड, एके ठिकाणी तर चपलेचा एक पाय. माणूस एकही नाही. मी शांतपणे सगळं रिकामं सामान उचलून पाराखाली ठेवलं आणि घागरी पुढे सरकवल्या. रांग काय सुरेख दिसली! माझी घागर चौथी.

मग धुरपताबाई आली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिनं तिचा तेलाचा डबा पाराखाली बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. पुढचं सगळं लिहीत नाही. सारांश असा की, डबा रिकामा हाय ते मलाबी दिसतंय सर, पर त्या डब्याच्या मागं पहाटपासून म्या उभी हाय, तुमाला दिसंना का. मी म्हणालो, तुम्ही तर घरी होता. त्यावर बाकीच्या बाया आल्या. कोण कुणाच्या पुढं होतं ते कुणालाच आठवेना. चपलेचा पाय कुणाचा यावरून दोन घरांत कायमचं फाटलं.

शेवटी बायांनी निकाल दिला की कंधारकर सरांची घागर रोज सगळ्यात मागं. रोज.

विनीता म्हणाली, बाबा, डबा काढला की कोण कुणाच्या मागं तेच कळत नाही. मी तिला म्हणालो, तू इंग्रजीकडे लक्ष दे. ती म्हणाली, तेच करून राहिले.

आता प्रश्न असा की धुरपताबाईला नेमकं त्याच वेळी कुणी पाठवलं? सोनकांबळे सरांचं घर हापशापासून दिसतं.

१६ फेब्रुवारी

आंघोळ नाही. 

१९ फेब्रुवारी

इंदू म्हणाली, तुमच्या त्या शब्दांपायी मला दुपारच्या उन्हात उभं राहावं लागतं. तिला समजावलं की क्रांतीत घरच्यांना थोडा त्रास होतोच. ती कणगीकडे बघून हसली. रोजनिशीची जागा बदलली. आता ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. तो ती कधी काढत नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

महत्त्वाचा दिवस! लातूरहून शिक्षण विभागाचे साहेब जीपनं आले. घशाला कोरड पडली म्हणत आले. शाळेत पाणी नव्हतं. शिपाई केरबा कुठून तरी एक तांब्या घेऊन आला. साहेबांनी तो एकट्यानं संपवला आणि म्हणाले, चला, एखादा वर्ग बघू पटकन.

मी सिद्रामप्पा सरांच्या आधी पुढं झालो. दहावी अ. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, दुष्काळाबद्दल सांगा. माझी पोरं तडातडा उठली. रेन नो कम. वेल ड्राय. फार्मर सिट. एकाही पोराला अडखळा नाही! साहेबांनी खिडकीबाहेरच्या बैलाकडे बोट दाखवून विचारलं, तो बैल कुणाचा. बैल खरंतर सिद्रामप्पा सरांचा, गाडीला जुंपून आणलेला. पहिल्या बाकावरचा पोरगा ताठ उभा राहून म्हणाला, बुलक टीचर. साहेब लई वेळ हसले. डोळे पुसले. इतका आनंद झालेला अधिकारी मी पाहिला नाही.

तेवढ्यात विनीता न विचारता उठली आणि पूर्ण वाक्य बोलली. द, ऑफ, इज, सगळे डबे जागच्या जागी लावून. माझ्या वर्गात! साहेबांनी गुड म्हटलं, पण ते पोरीचं मन राखायला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

नंतर ऑफिसात साहेबांनी विचारलं, हे सर लातूरला दिले तर शाळेचं अडेल का? सिद्रामप्पा सर खुर्चीतून उठून म्हणाले, मुळीच अडणार नाही, आजच न्या. माझ्यासाठी एवढा त्याग! मी त्या माणसावर उगाच शंका घेत होतो. साहेबांनी मला विचारलं, दिवसभर एका जागी बसायची सवय आहे का? मी म्हणालो, तपश्चर्याच आहे माझी.

सोनकांबळे सर व्हरांड्यात होते. अभिनंदन म्हणाले. हसून. त्या हसण्याचा अर्थ लावून राहिलो.

११ मार्च

ऑर्डर आली. 'प्रभारी विषयतज्ज्ञ, इंग्रजी, पुढील आदेशापर्यंत.' इंदूनं विचारलं, प्रभारी म्हणजे काय. म्हणालो, ज्याच्यावर सगळा भार आहे तो. केरबाला पेढे आणायला पाठवलं. त्यानं धुरपताबाईच्या घरीही दिले. न सांगता! याचंही बघावं लागेल.

माझे तास सोनकांबळे सरांकडे दिले. पद्धत आता बिनदिक्कत वापरतील. वापरू देत. मोठ्या जागेवरच्या माणसानं मन मोठं ठेवावं. पुरावा शालूखाली आहेच, लातूरला सोबत नेईन.

१४ मार्च, सोमवार. लातूर.

रुजू झालो. ऑफिस एका गोदामात. पूर्वी पेंडेचं असावं, वास आहे. खोलीत चार खाती खडूच्या रेघांनी वेगळी केलेली. माझ्या वाट्याला एक खुर्ची. हातांची. टेबल उस्मानाबादेत आहे, येणार आहे.

साहेबांनी कामाचं स्वरूप सांगितलं. कंधारकर, ही खुर्ची सोडायची नाही. रिकामी दिसली की दुसरं खातं उचलून नेतं. मी म्हणालो, आणि इंग्रजी? साहेब म्हणाले, ते नंतर. आधी खुर्ची.

पदाची प्रतिष्ठा राखणं हे पहिलं काम, हे बरोबरच आहे.

२२ मार्च

बसलो.

२३ मार्च

बसलो. मलेरिया खात्याचा माणूस माझ्या खुर्चीकडे बघतो. त्यांच्याकडे टेबल आहे, खुर्ची नाही.

विनीताचा इंग्रजीचा पेपर झाला. तिला घरी पत्र टाकलं होतं की रिकामा एक शब्द लिहायचा नाही. 

५ एप्रिल

दुपारी खानावळीत गेलो. परत येतो तर खुर्ची नाही. मलेरियाचा माणूस तिच्यावर बसून डासांची चित्रं लावून राहिला. मी म्हणालो, उठा. तो म्हणाला, रिकामी होती. मी म्हणालो, रिकामी कशी, माझी होती. तो म्हणाला, तुम्ही तर नव्हता. काय माणसं असतात! बसलेला माणूस डोळ्यांना दिसला नाही म्हणजे जागा कुणाचीच नाही का? यावरून तासभर भांडलो. साहेबांनी येऊन सोडवलं.

यामागे कोण, ते हळूहळू कळेल. मलेरियावाल्याची सासुरवाडी अहमदपूरची आहे.

६ एप्रिल

उपाय सापडला. जेवायला जाताना खुर्चीवर माझा टॉवेल टाकून गेलो. परत आलो तर खुर्ची जागच्या जागी. कुणी हात लावला नव्हता. माझ्या नुसत्या टॉवेलाचा हा दरारा.

१८ एप्रिल

ऑफिसचा शिपाई वीरभद्र उदगीरकडचा, बोलण्यात कानडी हेल. म्हणाला, सर, तुमी दिवसभर कशाला बसता, टॉवेल हाय की. तुमी अष्टविनायक करून या. हसत म्हणाला. त्याच्या हसण्यात आदर होता असं धरतो.

तरी आज मुद्दाम टॉवेल काढून स्वतःच बसलो. फरक काय तो लोकांना कळला पाहिजे. कुणी काही म्हणालं नाही.

२ मे

लातूरला उन्हानं डांबर वितळलं. पाणी आठवड्यातून एकदा. बसून बसून 'दुष्काळी पद्धत: एक क्रांती' हे पुस्तक मनात पूर्ण केलं. कागद मागितला, तर कागद दुसऱ्या खात्याच्या वाट्याला आलाय.

१० मे

कपाटामागं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक पाटी सापडली. रंग जुना, सुकलेला. 'विषयतज्ज्ञ, इंग्रजी. श्री. चन्नबसप्पा हलगरकर.'

हा कोण?

वीरभद्र म्हणाला, तुमच्या खुर्चीचे खरे सायेब तेच तर हाईत. उस्मानाबादेतच नेमलेले. आजारी हाईत, रजेवर. बरं वाटलं की येतील.

हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? म्हणजे सगळ्यांनी मिळून लपवलं. पाटी परत भिंतीकडे करून ठेवली. जे दिसत नाही ते नाही.

११ मे

'प्रभारी' शब्दाचा अर्थ कोशात बघितला नाही. मुद्दाम.

१३ जून, सोमवार

मृग कोरडाच निघालाय. आकाश पुसून घेतल्यासारखं.

सकाळी अकराला एक हडकुळे गृहस्थ आले. काठी टेकत. पांढरी टोपी. वीरभद्रनं पाटी फडक्यानं पुसून दाराला लावली. गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. मला क्षणभर वाटलं, मुलाखतीला आलेत. ते फार नम्रपणे म्हणाले, कंधारकर सर, तुमचे लई उपकार. तुम्ही नसता तर खुर्ची गेली असती. मग माझा टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला.

मी उठलो. साहेबांना विचारलं, माझं काय? साहेब म्हणाले, तुम्ही फार छान सांभाळलंत, आता शाळेत रुजू व्हा. मी म्हणालो, आणि माझी पद्धत? साहेब आठवायला लागले. मग त्यांना आठवलं. बुलक टीचर, म्हणाले आणि पुन्हा लई वेळ हसले.

या वेळी मलाही त्या हसण्याचा अर्थ कळला. लिहीत नाही.

१४ जून

एस्टीत बसायला जागा नव्हती. सगळ्या सीटवर रुमाल, पिशव्या, कुणाचं तरी वर्तमानपत्र. त्यातलं काहीच उचललं नाही. उभ्यानं आलो.

१६ जून

शाळेत रुजू. वेळापत्रक केव्हाच लागलंय. दहावीचे दोन्ही वर्ग सोनकांबळे सरांकडे. सिद्रामप्पा सर म्हणाले, तुम्हाला कायमचा वर्ग नाही, ज्या सरांची रजा असेल त्यांच्या वर्गावर जात जा. म्हणजे वर्ग गोंधळ घालत नाही.

आज ड्रॉइंगच्या सरांची रजा होती. गेलो. पोरं गप्प बसली.

२० जून

दहावीचा निकाल. विनीताला इंग्रजीत बहात्तर. सोनकांबळे सरांच्या उंबऱ्यावरचे सगळे पास. जी पहाटे तिकडे गेली नाहीत, फक्त माझ्या भरवशावर राहिली, ती सहा पोरं इंग्रजीत नापास झाली. त्यातलं बुलक टीचर म्हणणारं पोरगं आज केरबापाशी उभं राहून रडत होतं. मला बघून त्यानं डोळे पुसले आणि नमस्ते सर म्हणालं.  पुन्हा बस, ऑक्टोबरला, मी घेतो तुझी तयारी, म्हणालो. ते म्हणालं, सोनकांबळे सरांनी सांगितलंय, पहाटे ये म्हणून.

संध्याकाळी पेढे घेऊन सोनकांबळे सरांकडे गेलो. माझ्या चपला त्या उंबऱ्यापाशी काढताना लाज वाटली, खरं सांगतो. त्यांना विचारलं, माझी पोरगी तुमच्याकडे येते हे मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं. बस, एवढंच. चार महिने मी या माणसाच्या पोटात काय आहे ते शोधून राहिलो होतो.

२१ जून. सकाळ.

इंदूनं उठवलं. कणकेला पाणी नाही. हापशावर अजून आमची घागर सगळ्यात मागं, ती सजा कायम आहे. दोघं हापशावर आलो, पण घागरी घाईत घरीच राहिल्या, म्हणून जागा धरायला काही नव्हतं. इंदू म्हणाली, मी घागर घेऊन येते, तवर तुम्ही हितं उभं राहा. मी म्हणालो, दगड ठेव की एखादा. ती म्हणाली, तुम्ही हाव की.

उभा राहिलो. टॉवेल डोक्यावर. पुढं घागरी, डबे, दगड, सगळे ओळीत. मी कुणालाच हात लावला नाही.

तेवढ्यात धुरपताबाई आली, काखेत तोच तेलाचा डबा. माझ्यासमोर थांबली. मला खालून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता ही मला उचलून पाराखाली ठेवते. तिचा हक्कच होता.

म्हणाली, ही जागा कुणाची?

इंदूची, म्हणालो.

हाव का, म्हणाली, आणि माझ्या मागं तिचा डबा ठेवून घरी गेली.